कूलरला झिणझिण लागायलीय, प्लग उलटा केला की कमी होतंय, मग न्यूट्रल-अर्थ जोडू का?

नको जोडू. हे आधी सांगतो, बाकी सगळं नंतर. आणि हे वाचून होईपर्यंत कूलरचा प्लग बोर्डातून उपसून ठेव. नुसतं बटन बंद करून नाही, प्लगच काढून. का ते पुढं येतंच.

तू जे लिहिलंस ते थोडक्यात असं. पत्र्याचा कूलर, तीन उन्हाळे झालेला, वायरला दोन पिनांचा प्लग. ओला हात लागला की झिणझिण, चप्पल घातली की काहीच नाही. परवा सकाळी आजीनं फरशी पुसता पुसता हात टेकवला तर तिला चांगलाच बसला. बॉडीला टेस्टर मंद लागतो. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून प्लग उलटा लावला तर झिणझिण कमी झाली. मल्टिमीटरनं बॉडी ते न्यूट्रल (करंट परत जायची तार) आधी १६० व्होल्ट आले, प्लग उलटा केल्यावर ७०. आणि एका व्हिडिओत पाहिलं की सॉकेटमधे न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला छोटा जम्पर, म्हणजे जोडतार, टाकला की शॉक गायब. घरात अर्थिंग आहे म्हणतात पण खड्डा कुठंय कुणाला माहीत नाही. तर जम्पर टाकू का.

मी १९९८ पासून परभणीत वायरिंग आणि मोटार रिवाइंडिंग करतो, आणि दर एप्रिलला हाच प्रश्न दहा तोंडांनी येतो. पण तुझ्यासारखे दोन आकडे घेऊन कुणी येत नाही, म्हणून तुला नीट उत्तर द्यायचंय. तू विचारलंस "शॉक कसा घालवू". खरा प्रश्न तो नाही. करंट कुठून तरी बॉडीवर यायलाय, तो कुठून येतोय, आणि उद्या तो वाढला तर घरात त्याला थांबवणारं काही आहे का, हे दोन प्रश्न आहेत. प्लग उलटा करणं काय आणि जम्पर काय, दोन्हीत फक्त आपल्याला कळायचं बंद होतं, येणारा करंट येतच राहतो.

आधी तुझे आकडे. १६० आणि ७०, बेरीज कर, २३०. हा योगायोग नाही. तुझा कूलर प्लॅस्टिकच्या चाकांवर उभा आहे, म्हणजे बॉडी जमिनीपासून जवळपास सुटी आहे, आणि मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स एक कोटी ओहमच्या आसपास असतो, तो काही करंट ओढत नाही. मग बॉडीवर जे व्होल्टेज दिसतं ते जिथून गळती आहे त्या जागेचं व्होल्टेज. फेजची, म्हणजे करंट आणणारी, वायर खरचटून सरळ पत्र्याला लागली असती तर एका बाजूनं २३० आले असते आणि प्लग उलटा केल्यावर शून्याच्या जवळ. नुसता हवेतून, म्हणजे कपॅसिटन्सनं आलेला असता तर दोन्हीकडून साधारण ११५ च्या आसपास आले असते. तुझं मधेच आहे, म्हणजे गळती वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीच्या, मधल्या कुठल्या तरी जागेतून आहे, किंवा पाणी दोन्ही टोकांपर्यंत पोचलंय आणि एका टोकाला जास्त पोचलंय. शंभर टक्के सांगत नाही, फरशी ओली असली की आकडे बदलतात, पण माझा पहिला संशय पंपावर आहे.

टेस्टर मंद लागला यावर मात्र काहीच ठरवू नको. टेस्टरच्या आत मेगाओहमच्या घरातला रेझिस्टर असतो, निऑन पेटायला मायक्रोअँपिअर पुरतात. अर्थिंग नसलेल्या कुठल्याही लोखंडी डब्यावर तो मिणमिणतो. लॅपटॉपचा चार्जर, सेटटॉप बॉक्स, काँप्युटरचं कॅबिनेट यांच्या एसएमपीएसमधे, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायमधे, फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, अर्थ नसला तर बॉडीवर निम्मं व्होल्टेज दिसतं आणि हाताच्या मागच्या बाजूनं फिरवलं की सुरसुरल्यासारखं वाटतं. तो करंट साधारण अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत असतो आणि वाढत नाही. कूलरचं तसं नाही. कूलरमधे पाणी आहे, आणि पाण्यामुळं होणारी गळती आज जेवढी तेवढीच उद्या राहत नाही.

हा हिशोब एकदा घालून बघ. माणसाला अर्ध्या-एक मिलिअँपिअरला झिणझिण जाणवते. दहाच्या आसपास गेला की पकडलेली मूठ सुटत नाही. तीस-चाळीसच्या वर काही सेकंद छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. तुला नुसती झिणझिण येते म्हणजे एक मिलिअँपिअर धर, म्हणजे गळतीच्या वाटेत, तुझं अंग आणि फरशी धरून, आज दीड-दोन लाख ओहम आहेत. कोरड्या चप्पलनं त्यात आणखी भर पडते म्हणून तुला काही वाटत नाही. आजी अनवाणी, हात ओले, खाली नुकतीच पुसलेली शहाबादी फरशी, तिच्या अंगाचा रेझिस्टन्स हजार-दोन हजारांवर आलेला, म्हणून तिला जास्त लागलं. कूलर तोच आणि गळतीही तीच. आता पंपाचं सील आणखी थोडं फुटलं आणि गळतीचा रेझिस्टन्स चार हजारांवर आला, की त्याच आजीच्या अंगातून पंचवीस-तीस मिलिअँपिअर जातील. मधे कुठलीही पायरी लागत नाही, एका दुपारीत होतं हे. उन्हाळ्यात आपल्याकडच्या पेपरात कूलरचा शॉक लागून गेल्याच्या बातम्या येतात ना, त्यातल्या कितीतरी घरी आधी पंधरा दिवस "थोडी झिणझिण लागायलीय" असंच म्हणत असतील.

आता प्लग उलटा करण्याचं. काकांचं चुकलं असं म्हणायचं नाही, आपल्या सगळ्या गावांत हाच उपाय चालतो आणि तो काम करतो असं दिसतं सुद्धा. होतं काय, तर गळतीची जागा वाइंडिंगच्या ज्या टोकाजवळ असेल ते टोक फेजकडून न्यूट्रलकडं जातं, म्हणून बॉडीवरचं व्होल्टेज घटतं. पण कूलरच्या पॅनलवरचं बटन एकाच वायरमधे असतं. सरळ प्लगनं ते फेज तोडत असेल तर उलट्या प्लगनं ते न्यूट्रल तोडायला लागतं. म्हणजे बटन बंद, पंखा बंद, पंप बंद, आणि आतलं सगळं वाइंडिंग फेजवर तसंच. आता न्यूट्रलकडचा आधारच गेला, म्हणून बॉडीवरचं व्होल्टेज बंद स्थितीत उलट जास्त. बंद केलाय म्हणून बिनधास्त पाईप घेऊन टाकीत पाणी भरणारा माणूस असाच सापडतो. म्हणून म्हणलं बटन नको, प्लग काढ. बोर्डावरच्या बटनावरही भरवसा नको, जुन्या वायरिंगमधे बटन न्यूट्रलमधे घातलेले बोर्ड मी शेकड्यानं उघडलेत.

जम्परकडं येतो. तू म्हणशील, डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रल अर्थलाच तर जोडलेला असतो, मग मी इथं जोडला तर काय बिघडलं. बरोबर आहे, डीपीवर जोडलेला असतो, मुद्दाम, स्वतंत्र खड्डे करून. पण तुझ्या सॉकेटपासून डीपीपर्यंत दोन-तीनशे मीटर वायर आहे, पोलवरचा जोड आहे, सर्व्हिस वायरचा जोड आहे, विजेच्या मीटरचं टर्मिनल आहे, तुझ्या घरातली कट-आउट आहे. यातला न्यूट्रलचा एक जोड सुटला की काय होतं ते बघ. फेज घरात येतोच आहे. तो फॅनमधून, ट्यूबमधून न्यूट्रलच्या वायरीत उतरतो, न्यूट्रलला परत जायला वाट नाही, मग तो तुझ्या जम्परवरून अर्थच्या पिनेत, आणि तिथून कूलरच्या बॉडीवर. पूर्ण २३० व्होल्ट. आणि घरात त्या वेळी सगळं बंद असतं, कारण न्यूट्रलच नाही. घरातले म्हणतात लाईट गेली.

हे मी डोळ्यानं पाहिलंय. मे महिना, अवकाळीचं वारं झालेलं, गल्लीत सगळ्यांकडं लाईट, एकाच घरात नाही. मला बोलावलं. मी दारात पोचलो तर घरातली बाई फ्रिजला चिकटून मागं फेकली गेलेली, भिंतीला टेकून बसलेली, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मेन बंद केला, मग बोर्ड उघडला. सॉकेटच्या मागं अर्थच्या स्क्रूमधून न्यूट्रलच्या स्क्रूमधे बोटभर लांबीची काळी वायर, अगदी नीट वळवून बसवलेली, ज्यानं केली त्यानं कामात काही कसूर केली नव्हती. वर पोलवर न्यूट्रलचा जोड वाऱ्यानं तुटलेला. बाई वाचली, हाताला भाजलं तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की सांगितलेल्या कामाआधी मी एक सॉकेट उघडून मागं बघतो.

शिवाय पोलवर काम करताना फेज आणि न्यूट्रल अदलाबदल होऊन जोडले गेले तर त्या जम्परनं बॉडी सरळ फेजवर जाते. काही देशांत मीटरपाशी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र करायची पद्धत आहे हे खरं, पण तिथं पुरवठा करणाऱ्यानं ते धरूनच सगळी लाईन बांधलेली असते, जागोजागी अर्थ केलेला असतो. आपण आपल्या मनानं सॉकेटमधे करायची ती गोष्ट नाही.

मग करायचं काय. आधी दोष शोध, आणि तो सगळा प्लग काढलेला असताना शोधता येतो, करंट चालू ठेवून काहीच करायची गरज नाही. मीटर ओहमच्या मोठ्या रेंजला लाव, २० मेगा असेल तर ती. एक प्रोब प्लगच्या दोन्ही पिनांना मिळून, दुसरा बॉडीवर जिथं रंग खरवडलेला आहे तिथं. कूलरचं बटन चालूच्या स्थितीत ठेव, म्हणजे आतलं सगळं मापात येतं. आणि मुख्य म्हणजे टाकीत पाणी असताना घे. हे सगळे विसरतात. कूलर रिकामा करून, उन्हात वाळवून माझ्याकडं आणतात, मीटर म्हणतं सगळं उत्तम, घरी नेऊन पाणी भरलं की परत तेच.

आकडा लाखात किंवा हजारात आला तर पंप वेगळा कर. प्लॅस्टिकच्या बादलीत कूलरमधलंच पाणी घे, पंप त्यात बुडव, एक प्रोब पाण्यात, दुसरा पंपाच्या दोन्ही वायरींना मिळून. पाण्यात प्रोब घातला की आकडा स्थिर राहत नाही, हळूहळू सरकतो, कारण प्रोबचा धातू आणि पाणी मिळून बारीकसा सेल तयार होतो. प्रोब उलटे करून परत घे आणि दोन्हीवरून अंदाज बांध. चांगला पंप मीटरला काहीच दाखवत नाही, उघडं सर्किट. काही लाख ओहम दाखवले तर तो पंप टाकून दे. उघडून एमसील भरायच्या भानगडीत पडू नको, दोन-चारशे रुपयांची वस्तू आहे. आपल्याकडं बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी, त्याच्या क्षारांनी पंपाची जाळी बुजते, रात्री टाकी आटली की पंप कोरडा फिरतो, तापतो, आतलं इपॉक्सी तडकतं आणि त्या केसासारख्या तडीतून पाणी वाइंडिंगपर्यंत जातं. आणि क्षाराचं पाणी करंटही जास्त वाहतं. म्हणून नवा पंप बसवला तरी टाकी आटू देऊ नको, आणि आठवड्याला टाकी धुवायची.

पंप स्वच्छ निघाला तर मोठी मोटार, मग वायर जिथं पत्र्याच्या भोकातून आत जाते तिथलं रबर, मग बटनांचं पॅनल, गवताच्या जाळीवरून पाणी ओघळून तिथं जातं का बघ. मीटरची बॅटरी नऊ व्होल्टची, तिला जी गळती दिसत नाही ती २३० ला दिसू शकते. त्यामुळं मीटर चांगलं म्हणालं आणि तरी झिणझिण आली तर एखाद्या रिवाइंडिंगवाल्याकडं ५०० व्होल्टच्या मेगरवर (जास्त व्होल्टेजनं गळती मोजायचं यंत्र) तपासून घे, पाच मिनिटांचं काम आहे.

हे झालं कूलरचं. पण पंप बदलून झिणझिण गेली म्हणून थांबू नको, घराचं काम राहतं.

कूलरची वायर तीन तारांची कर, हिरवी तार बॉडीला नट-बोल्ट आणि लगनं पक्की, प्लग तीन पिनांचा. वरची जाड पिन लांब का असते माहितीय का, आत जाताना ती आधी जोडली जावी आणि निघताना शेवटी सुटावी म्हणून. ती तोडून दोन पिनांत घुसवलेले प्लग बघितले की जीव कळवळतो.

आता ती हिरवी तार भिंतीत जाऊन पुढं कुठं जाते हे तुला माहीत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. जुन्या घरांत अर्थची तार नळाच्या लोखंडी पायपाला गुंडाळलेली असायची. नंतर कुणीतरी नळ प्लॅस्टिकचे केले, तार तशीच राहिली. मग घरातल्या सगळ्या सॉकेटच्या अर्थ पिना एकमेकींना जोडलेल्या पण जमिनीला कशालाच नाहीत. अशा घरात मला फ्रिज झिणझिणतोय म्हणून बोलावलं होतं, फ्रिज दोनदा बदलून झाला होता, आणि दोष निघाला न्हाणीघरातल्या गिझरमधे. गिझरचा करंट हिरव्या तारेनं फिरून फ्रिजवर. तुझ्याकडं असंच असेल तर तीन पिना केल्यानं कूलरचा शॉक मिक्सरला लागेल.

तपासायला मीटरनं सॉकेटमधे तीन आकडे घे. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत असला तर अर्थ निदान जोडलेला आहे. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे आणि न्यूट्रल-अर्थही तेवढाच आला तर अर्थ लोंबकळतोय. न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य, घरात मोठा लोड चालू असतानाही शून्य, तर कुणीतरी आधीच जम्पर टाकलाय का ते मेन बंद करून सॉकेट उघडून बघ.

फेज आणि अर्थमधे शंभरचा बल्ब लावून बघायची पद्धत तुला कुणीतरी सांगेलच. ती करू नको. बल्ब घेतो ०.४३ अँपिअर. अर्थचा रेझिस्टन्स पन्नास ओहम असला, म्हणजे वाईटच, तरी वीसेक व्होल्टच पडतात आणि बल्ब झकास पेटलेला दिसतो. आणि अर्थ अगदीच गेलेला असला तर तेवढा वेळ घरातल्या सगळ्या बॉड्यांवर करंट जातो, कुणी कशाला हात लावलाय ते तुला दिसत नाही.

आपल्या मातीचा एक वेगळा विषय आहे. काळी माती ओली असली की अर्थिंगला फार चांगली, पावसाळ्यात आकडे सुंदर येतात. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ती पायपापासून सुटते, बोट जाईल एवढी फट पडते कधी कधी. म्हणजे कूलर चालायच्या दिवसातच अर्थ सगळ्यात कच्चा. खडकाळ, मुरमाड जागेत तर बाराही महिने अवघड. म्हणून अडीच-तीन मीटरचा जीआय पाईप, भोवती कोळसा-मीठ किंवा तयार पावडर, वर फनेल, आणि मार्चपासून त्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी. तारेचा जोड पिळून नाही, नट-बोल्टनं.

आणि एवढं करूनही नुसत्या अर्थवर विसंबता येत नाही, ते का सांगतो. समज अर्थ वीस ओहमचा आहे आणि फेज सरळ बॉडीला लागला. २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. तुझ्या सॉकेटचा एमसीबी १६ चा. तो पडणारच नाही, आणि बॉडीवर दोनशेच्या आसपास व्होल्ट तसेच बसून राहतील. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. माणसासाठी आरसीसीबी. तो जाणारा आणि येणारा करंट मोजत राहतो, फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचला की क्षणात तोडतो. अर्थ कच्चा असला तरी, गळती माणसातून जात असली तरी तोडतो, झटका बसेल पण चिकटून राहणार नाही. दोन पोलचा, ३० मिलिअँपिअरचा घे, १०० किंवा ३०० चा आगीसाठी असतो तो नको. एमसीबी काढायचा नाही, दोन्ही लागतात. त्यावर टेस्टचं बटन असतं, महिन्याला एकदा दाबायचं.

हे कसं बसेल ते तुझ्या घरावर अवलंबून आहे. इन्व्हर्टर असला तर त्याचा न्यूट्रल आणि घराचा न्यूट्रल बऱ्याचदा एकत्र केलेले असतात, मग आरसीसीबी सारखा पडतो आणि लोक वैतागून काढून टाकतात, त्यासाठी न्यूट्रल वेगळे करून घ्यावे लागतात. घर भाड्याचं असेल आणि मालक हात लावू देत नसेल तर निदान कूलरच्या सॉकेटपुरता छोट्या डब्यात आरसीसीबी बसवून घे, जाताना काढून नेता येतो. मेन बोर्डातलं काम लायसनवाल्या वायरमनकडून, तू डिप्लोमाला आहेस, हाताला वळण आहे, तरी मेनच्या आधीची बाजू बंद करता येत नाही म्हणून.

तर आज एवढंच कर. कूलर प्लग काढून बाजूला, आजीला दोन दिवस फॅनखाली झोपव. पाणी भरलेल्या स्थितीतला बॉडीचा ओहमचा आकडा, बादलीतल्या पंपाचा आकडा, आणि कूलरच्या सॉकेटचे ते तीन व्होल्टेज, एवढे पाच आकडे मला लिहून पाठव. घरात इन्व्हर्टर आहे का आणि नळाचे पाईप लोखंडी का प्लॅस्टिकचे तेही सांग, मग आरसीसीबी कुठं घालायचा ते बघू.